फ्रेमवर्क बदलतंय, तर त्या वादात आपण बोलायचं का?

तुमचा प्रश्न आधी इतरांसाठी थोडक्यात मांडतो. सांगलीत मार्केट यार्डाजवळ तिघांची टीम आहे. हळद-बेदाण्याच्या अडत दुकानांचा हिशेब आणि एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या नोंदी अशी दोन ॲप्लिकेशन्स जँगोवर (पायथॉन भाषेतलं वेब फ्रेमवर्क) चालतात. आवृत्ती 3.2, डेटाबेस मायएसक्यूएल. आता 5.2 वर जायचं ठरलं आणि चाचणीच्या सर्व्हरवर तीन गोष्टी बिघडल्या. काट्याच्या नोंदींच्या वेळा पुढे सरकल्या, लॉगआउटची लिंक 405, म्हणजे 'ही पद्धत चालणार नाही' अशी चूक, देऊ लागली आणि पट्टीवरच्या रकमांचे स्वल्पविराम लाखाऐवजी मिलियनच्या जागी पडू लागले. टीममधला एक म्हणतो, हे असले बदल करणाऱ्यांना जाऊन जाब विचारला पाहिजे, शिवाय लाख-कोटी जँगोतच असायला हवेत ही मागणीही करू. दुसरा म्हणतो, तिकडं आपलं कोण ऐकतंय, गप आपला कोड दुरुस्त करा. तुम्ही विचारताय, कोणाचं ऐकू?

मी साताऱ्यात बसून बरीच वर्षं अशाच प्रकारची कामं करतो. आधी बिघाड निस्तरू. भांडायचं कशावर हे त्यातूनच ठरेल.

वेळांचं प्रकरण सगळ्यात गंभीर आहे. जँगो 5.0 मध्ये (डिसेंबर 2023) यूझ-टीझेड या सेटिंगचं (वेळा टाइमझोनसकट हाताळायच्या की नाही ते ही ठरवते) मूळ मूल्य, म्हणजे आपण काही लिहिलं नाही तर धरलं जाणारं, 'नाही'चं 'होय' झालं. नव्या प्रकल्पाच्या साच्यात ही ओळ 'होय' म्हणून कितीतरी वर्षं आयती येते, पण तुमच्या फाइलमध्ये ती नाही. कोणीतरी कधीतरी काढली असणार. म्हणजे तुम्ही आजवर मूळ मूल्याच्या भरवशावर होता. 'नाही' असताना मायएसक्यूएलमध्ये वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे साठत होती, सोबत टाइमझोनची काही खूण नाही. आता जँगो तीच वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजून वाचतो आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतो. रात्री 9 ला काट्यावर चढलेली ट्रॉली दुसऱ्या दिवशी पहाटे 2.30 ची होते. तारीख बदलली, पाळी बदलली, आणि दिवसाच्या गाळपाचा आकडा कशाशीच जुळेना. पोस्टग्रेस हा डेटाबेस असता तर हे झालं नसतं, कारण तिथे जँगो पहिल्यापासून टाइमझोनसकट वेळ साठवतो.

उपाय आज एका ओळीचा आहे: यूझ-टीझेड 'नाही' असं स्पष्ट लिहा, सगळं पूर्वीसारखं होईल. 'होय'वर जायचं असेल तर जुन्या प्रत्येक नोंदीतून साडेपाच तास वजा करणारं मायग्रेशन, म्हणजे डेटाबेस बदलणारा कोड, लिहावं लागेल. आपल्याकडे घड्याळ वर्षातून दोनदा पुढे-मागे करायची भानगड नाही, त्यामुळे ही वजाबाकी सरळ आहे. पण ती काटा बंद असताना, हंगाम संपल्यावरच करा. जाता जाता एक गंमत. जँगोचा जन्म अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वर्तमानपत्राच्या वेब विभागातला, 2005 मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. त्या घरची आठवण म्हणा, पण सेटिंगमध्ये टाइमझोन लिहिलाच नाही तर जँगो अजूनही शिकागोची, म्हणजे लॉरेन्सचीच, वेळ धरतो. ती ओळ तुमच्याकडे आहे हे नशीब.

लॉगआउटचा बदल पटकन संपतो. 4.1 मध्ये साध्या लिंकने, म्हणजे गेट विनंतीने, लॉगआउट करणं कालबाह्य ठरवलं आणि 5.0 मध्ये काढलं. लिंकच्या जागी सीएसआरएफ टोकन (विनंती आपल्याच साइटवरून आल्याची गुप्त खूण) असलेला छोटा फॉर्म आणि बटण ठेवा. कारण रास्त आहे. दुसऱ्या साइटवरच्या एखाद्या चित्राच्या पत्त्यात लॉगआउटचा पत्ता घातला तरी माणूस बाहेर फेकला जात होता, आणि काही ब्राउझर लिंक आधीच उघडून ठेवतात तेव्हाही तेच. ही मागणी जँगोच्या तिकिटांमध्ये, म्हणजे तक्रारी-सूचनांच्या नोंदींमध्ये, दहा वर्षांहून जास्त काळ पडून होती. इतका काळ का, तर तुमच्यासारख्या असंख्य प्रकल्पांत ती साधी लिंक आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

स्वल्पविरामाचं मात्र मला स्वतःला टोचतं. आपल्या पद्धतीची गटवारी, म्हणजे आधी तीन अंक आणि मग दोन-दोन, जँगोला येत नाही असा समज आहे तो चुकीचा आहे. नंबर-ग्रुपिंग या सेटिंगमध्ये तीन, दोन, शून्य असा क्रम 1.11 पासून (एप्रिल 2017) देता येतो, आणि माहितीपुस्तिकेत त्याला उदाहरणच भारतीय इंग्रजीचं आहे. तुम्ही तेच वापरत होता. पण सोबत यूझ-एल10एन (आकडे-तारखा भाषेच्या नमुन्याप्रमाणे दाखवायची सेटिंग) 'नाही' ठेवलं होतं, म्हणून ती सेटिंग चालत होती. यूझ-एल10एन 4.0 मध्ये कालबाह्य झालं, 5.0 मध्ये गेलं, आणि आता भाषेच्या फाइलमधला नमुना तुमच्या सेटिंगच्या वर बसतो. इंग्रजीच्या फाइलमध्ये गट तीनचा आहे. म्हणून 12,34,567 चं 1,234,567 झालं. यावर उपाय म्हणजे प्रकल्पातच स्वतःची फॉर्मॅट फाइल ठेवायची आणि फॉर्मॅट-मॉड्यूल-पाथ या सेटिंगमधून तिचा पत्ता द्यायचा. ही वाट माहितीपुस्तिकेत आहे, पण गटवारी शोधत आलेल्या माणसाला ती सहज सापडत नाही.

आता भांडणाकडे येऊ. जाब विचारू म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न: हे तिन्ही बदल तुम्हाला कधी कळले? यूझ-टीझेडची सूचना 4.0 पासून, म्हणजे डिसेंबर 2021 पासून, ती ओळ नसलेल्या प्रत्येक प्रकल्पाला मिळत होती. यूझ-एल10एनचीही तेव्हापासूनच. लॉगआउटची ऑगस्ट 2022 पासून. जँगोचा नियम असा की एखादी गोष्ट 4.0 किंवा 4.1 मध्ये कालबाह्य ठरली तर ती 5.0 मध्ये जाते, आणि 4.2 मध्ये ठरली तर 5.1 मध्ये. मधल्या काळात ती चालते, फक्त इशारा देते. पण पायथॉन हे इशारे बहुतेक वेळा आपोआप दडवतो. चाचण्या चालवताना पायथॉनला उणे चिन्हापुढे मोठा डब्ल्यू आणि लहान ए हा पर्याय दिला तरच सगळे दिसतात. 3.2 वरून थेट 5.2 वर उडी मारली म्हणजे मधला सगळा काळ तुम्ही पाहिलाच नाही. 3.2 चा आधार (सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं) एप्रिल 2024 मध्ये संपला हेही आहेच.

म्हणजे ग्रामसभेत हजर राहायचं नाही आणि ठराव झाल्यावर पारावर बसून बोलायचं, तसं हे चाललंय. आणि यात नुसता शिस्तीचा मुद्दा नाही, जँगोच्या कामकाजातच वेळेला किंमत आहे. एखाद्या आवृत्तीत आधी चालणारी गोष्ट मोडली आणि ती त्याच आवृत्तीच्या मालिकेत कोणी दाखवली, तर दुरुस्ती त्या मालिकेतच येते. अंतिम आवृत्तीच्या आधी, अल्फा किंवा बीटाच्या, म्हणजे चाचणीसाठीच्या कच्च्या आवृत्त्यांच्या, काळात दाखवली तर ती दुरुस्ती झाल्याशिवाय आवृत्ती बाहेर पडत नाही. पण ती मोडलेली अवस्था एक-दोन आवृत्त्यांमधून कोणाच्याही तक्रारीविना पार पडली, की तेच जँगोचं वागणं ठरतं. मग ते बदलायचं म्हणजे नवा बदल, आणि त्यावर विसंबलेल्यांचा नवा त्रास. आज तुम्ही यूझ-एल10एनबद्दल कितीही तळमळीनं लिहिलं तरी ते परत येणार नाही.

गप बसा म्हणणाऱ्यालाही माझा विरोध आहे, आणि तो जास्त महत्त्वाचा. 'आपलं कोण ऐकतंय' यात एक गृहीत आहे की तिकडे कोणी मोठी माणसं बसून ठरवतात. जँगोने 2020 मध्ये कोअर डेव्हलपर ही पदवीच मोडीत काढली. कोड विलीन करणारे आणि आवृत्ती काढणारे वेगळे नेमले, आणि जिथे एकमत होत नाही तिथे निर्णयासाठी निवडून आलेलं छोटं मंडळ ठेवलं. रोजचं काम पगारी फेलो पाहतात. ही योजना 2014 मध्ये सुरू झाली. तिकीट कोणी उघडलं याला तिथे फारसं महत्त्व नसतं, त्यात काय आहे ते वाचलं जातं.

आणि त्यांना जे दिसत नाही नेमकं तेच तुमच्याकडे आहे. एखादं फंक्शन काढायचं का यावर वाद होतो तेव्हा ते लोक खुल्या कोडमध्ये शोध घेतात: किती पॅकेजेस ते वापरतात, कशी वापरतात. कारखान्याच्या काट्याचा कोड तिथे कुठे असणार? अडत्याच्या पट्टीचा कुठे? जगातला बहुतांश जँगो असाच बंद दारामागे आहे, आणि वादात तो मुका असतो. त्यामुळे 'हा बदल मला आवडला नाही' असं म्हणणारा शंभरावा माणूस कुणाला नकोय, पण 'हा बदल अल्फावर चालवून पाहिला, आमच्याकडे मायएसक्यूएलवर जुन्या नोंदी साडेपाच तास सरकतात, हा घ्या चार ओळींचा प्रकल्प ज्यात ते दिसतं' असं म्हणणारा पहिला माणूस त्यांना हवाच असतो. अशा वादात मताला वजन कमी आणि मोडतोडीच्या पुराव्याला जास्त.

पुरावा कसा परिणाम करतो याचं चांगलं उदाहरण आयडी क्रमांकांचं आहे. जुन्या मूळ मूल्याप्रमाणे आयडी 32 बिटांचा, म्हणजे 214 कोटींच्या पुढे संपणारा. मोठ्या साइट्सना ते अडायला लागलं. सरळ उपाय म्हणजे मूळ मूल्य 64 बिटांचं करून टाकणं, पण तसं केलं तर जगभरच्या प्रत्येक जुन्या प्रकल्पात प्रत्येक टेबलासाठी नको असलेलं मायग्रेशन तयार झालं असतं. म्हणून 3.2 मध्ये (एप्रिल 2021) आधी फक्त सेटिंग आली, नव्या प्रकल्पांना 64 बिट, जुन्यांना इशारा. सगळ्यांसाठी मूळ मूल्य बदललं ते थेट 6.0 मध्ये, डिसेंबर 2025 ला. तुमच्या काट्यावर 214 कोटी ट्रॉल्या यायला किती हंगाम लागतील ते तुम्हीच मोजा. तरीही तुमच्यासारख्यांना त्रास होऊ नये म्हणूनच हे इतकं संथ झालं.

सगळीकडे असं होतंच असं नाही. अँग्युलर या वेब फ्रेमवर्कची दुसरी आवृत्ती 2016 मध्ये आली ती जुन्या अँग्युलरजेएसपेक्षा इतकी वेगळी होती की पुढे जाणं म्हणजे नव्यानं लिहिणंच होतं, आणि जुन्याचा आधार 2021 अखेर संपला. व्ह्यू या तशाच फ्रेमवर्कमध्ये 2019 च्या जूनमध्ये नव्या पद्धतीचा प्रस्ताव आला तेव्हा जुनी पद्धत जाणार अशा समजुतीनं लोक भयंकर चिडले. मग जुनं राहणार, नवं हवं त्यानं घ्यावं, असं स्पष्ट झालं आणि 2020 मध्ये व्ह्यू 3 त्याच रूपात आला. तिथला राग वेळेत आला होता एवढं नक्की. पण मला विचाराल तर चिडून लिहिलेल्या बहुतेक मजकुराचा उपयोग शून्य. 'माझ्या अमुक कंपोनंटचं काय होईल' असं विचारणाऱ्या थोड्यांनी खरं काम केलं.

लाख-कोटीची मागणी. तुम्हाला जँगोच्या ह्युमनाइझ या भागातल्या, मोठा आकडा शब्दांत दाखवणाऱ्या इंटवर्ड फिल्टरसारखं काहीतरी हवंय. तो फिल्टर मिलियन, बिलियन करत पार गूगोलपर्यंत जातो, पण लाख त्याला माहीत नाही. मुद्दा खरा आहे. सौद्याच्या दिवसाची उलाढाल '12.5 मिलियन' अशी अडत्याला दाखवली तर तो तुम्हालाच दुकानाबाहेर काढील. तरीही हे जँगोच्या गाभ्यात जावं असं मला वाटत नाही. आज इंटवर्ड नव्यानं कोणी सुचवला असता तर तोही आत आला नसता असा माझा अंदाज आहे. आत आलेली प्रत्येक गोष्ट पुढची दहा-पंधरा वर्षं कोणीतरी सांभाळायची असते, तिच्या भाषांतरासकट, आणि ते सांभाळणारे तुम्ही नसता.

जँगोत मोठ्या गोष्टी कशा आत आल्या ते पाहा. मायग्रेशनचं काम आधी साउथ नावाचं बाहेरचं पॅकेज करायचं. लोकांनी ते वर्षानुवर्षं वापरलं, त्याच्या उणिवा कळल्या, मग त्याचाच कर्ता अँड्र्यू गॉडविन याने 2013 मध्ये लोकवर्गणी काढून ते नव्यानं लिहिलं आणि 1.7 मध्ये (सप्टेंबर 2014) ते गाभ्यात आलं. 6.0 मधले टेम्प्लेट पार्शल्सही (पानाच्या साच्यातले पुन्हा वापरता येणारे तुकडे) आधी वेगळं पॅकेज होते. त्याच 6.0 मध्ये पार्श्वभूमीतल्या कामांसाठी टास्क्सची सोय आली, पण तिथेही काम सोपवायची ठरावीक पद्धत तेवढी घेतली, ते काम प्रत्यक्ष चालवणारा वर्कर बाहेरच ठेवला. किती घ्यायचं यावर घासाघीस झाल्यावर साधारण असाच तोडगा निघतो. तुमचा लाख-कोटी फिल्टर डझनभर ओळींचा आहे. तो वेगळं पॅकेज म्हणून खुला करा. त्यात उणे रकमा, एक लाखाच्या जरा खालची रक्कम गोल होऊन 'शंभर हजार' होऊ नये, 'लाख' आणि 'लाखांत' असले खाचखळगे आधी भरून घ्या. नाशिकपासून नांदेडपर्यंत हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिणारे ते उचलतील. कोण जाणे, पुढे कधी गाभ्यात घ्यायचा विषय निघालाच तर वापरणारे दाखवता येतील.

फॉर्मॅट फाइलची वाट नीट सापडत नाही हे मात्र आजच मांडण्यासारखं आहे, आणि मी असतो तर इथूनच सुरुवात केली असती. जुनी सेटिंग परत मागू नका. नंबर-ग्रुपिंगच्या माहितीत 'भाषेचा नमुना याच्यावर भारी पडतो, तो बदलायचा तर फॉर्मॅट-मॉड्यूल-पाथ वापरा' अशी एक स्पष्ट ओळ आणि भारतीय गटवारीचं पूर्ण उदाहरण सुचवा. माहितीपुस्तिकेतल्या बदलाला जुना कोड मोडायची भीती नसते, त्यामुळे वाद कमी आणि होकार लवकर. लिहिण्याआधी तिकिटांत शोध मात्र घ्या. तोच विषय 'करणार नाही' या शेऱ्यानं बंद झालेला असेल तर ते तिकीट स्वतः पुन्हा उघडायचं नाही, चर्चेत नवी माहिती घेऊन जायचं. हा तिथला रिवाज आहे आणि तो मोडणाऱ्याचं पुढचं कोणी मन लावून वाचत नाही.

तिकिटात काय हवं? आवृत्ती, डेटाबेस, काय अपेक्षित होतं, काय झालं, आणि कारखान्याचं नावगाव नसलेला, मोजक्या ओळींचा नमुना. जमलं तर गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) बायसेक्टनं नेमका कोणत्या कमिटपासून, म्हणजे नोंदलेल्या कोणत्या बदलापासून, फरक पडला तेही शोधा. रात्रीचा एक तास जातो, पण त्यानंतर चर्चा 'खरंच असं होतं का' यावर अडत नाही. 'आम्ही सांगलीतली छोटी टीम, कृपया' वगैरे प्रस्तावना नको. 'तुम्ही लोक कायम असंच करता' हेही नको.

वेळापत्रक आपल्या हंगामाशी कसं जुळतं ते पाहा, कारण खरी अडचण तीच आहे. जँगोची नवी आवृत्ती दर आठ महिन्यांनी येते: डिसेंबर, ऑगस्ट, एप्रिल, पुन्हा डिसेंबर. प्रत्येकीची अल्फा साधारण तीन महिने आधी. दीर्घ आधाराच्या आवृत्त्या एप्रिलमध्ये येतात, म्हणजे त्यांची अल्फा जानेवारीत, आणि तेव्हा तुमचा काटा रात्रंदिवस चालू असतो, हळदीची आवकही सुरू व्हायची वेळ असते. त्यात कोणाला फुरसत नाही. पण डिसेंबरच्या आवृत्तीची अल्फा सप्टेंबरात येते. कारखाना बंद, यार्डात तुलनेनं शांतता. आणि मोठी काटछाट, म्हणजे कालबाह्य गोष्टी काढून टाकणं, मुख्यतः याच शून्य क्रमांकाच्या आवृत्तीत होते. तेव्हा चालू प्रकल्प दीर्घ आधाराच्या आवृत्तीवरच ठेवा, पण सप्टेंबरात एक आठवडा काढून तोच कोड, डेटाबेसच्या प्रतीसकट, अल्फावर चालवा. जे मोडेल ते लिहून कळवा. 5.2 चा आधार एप्रिल 2028 पर्यंत आहे, त्यामुळे घाई नाही.

सध्यापुरतं म्हणाल तर या हंगामात काटा 3.2 वरून हलवू नका असं मी म्हणणार नाही, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेली आवृत्ती इंटरनेटला उघडी ठेवणं मला पटत नाही. आधी 4.2 वर जा, इशारे चालू करून चाचण्या फिरवा, यूझ-टीझेडची ओळ 'नाही' म्हणून लिहा, लॉगआउटचा फॉर्म करा, फॉर्मॅट फाइल ठेवा आणि लगेच 5.2. मध्ये थांबू नका, 4.2 चा आधार एप्रिल 2026 पर्यंतचाच. अडतीचं ॲप्लिकेशन आधी, काट्याचं नंतर.

राहिला इंग्रजीचा संकोच, जो तुम्ही प्रश्नाच्या शेवटी दबक्या आवाजात लिहिलाय. जँगोच्या फेलोंमध्ये पोलंडचे, अर्जेंटिनाचे लोक राहिलेत. लहान वाक्यं आणि चालणारा नमुना असला की इंग्रजी कसं आहे याची तिथे कोणी परीक्षा घेत नाही. जँगोच्या संदेशांचं मराठी भाषांतरही ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या साइटवर लोकच करतात. तिकिटाआधी हात मोकळा करायचा तर तिथे आपल्या भाषेत काम पडलेलं आहे. आणि पहिलं तिकीट जाब विचारू म्हणणाऱ्यानंच लिहावं, गप बसा म्हणणाऱ्यानं ते पाठवण्याआधी तपासावं.